मुरब्याचा देवू

मुरबे
१४ नोव्हेंबर २०२४

ताई,

भागीमावशी रोज मासळी घेऊन बोईसरच्या बाजाराला निघताना, पाटी डोक्यावर घ्यायच्या आधी विचारते, "चिठ्ठी हाय का रं?" आणि मी रोज म्हणतो, उद्या. खोटं कशाला बोलू, लिहायला बसलोच नाही असं नाही. एकदा बसलो तर पेन सापडेना. एकदा बसलो तर होडी रंगवायला बोलावणं आलं. मग परवा पेनही होतं, वेळही होता, पण तुझं पत्र पुन्हा वाचलं आणि उठून खाडीपर्यंत चालत गेलो. तुला माझी सवय माहीत आहे. भीती वाटली की माझे पाय आधी सुटतात, डोकं मागून येतं.

आज मावशीनं दमच दिला. म्हणाली, "तुजी बहीण बाजारात माज्या पाटीसमोर उभी राहून रडते. गिऱ्हाईकांना वाटतं मी मासली महाग लावली म्हणून रडते. लिव काय ते." म्हणून लिहितोय.

फोन करू नको म्हणालीस ते पटलं. तुझा फोन म्हणजे तुझ्या लेकीचा, राणीचाच फोन. तू कामावरून आलीस की तो तिच्या हातात जातो आणि ती झोपल्यावर तुझ्या. मी काही पाठवलं तर वर्षाराणी बाईसाहेबच आधी वाचणार. दाजींच्या फोनचा तर प्रश्नच नाही. त्यांनी शब्द टाकून लावलेली कंपनीतली नोकरी मी सोडून पळालो तेव्हापासून त्यांना माझं तोंड बघायचं नाही. मी मुरब्यात आहे हेही तुमच्या घरात फक्त तुलाच ठाऊक. नोकरीचं पुन्हा काढू नकोस. तिथल्या वासानं माझं डोकं उठायचं. इथेही वास आहेच म्हणा, बोंबील वाळतात, अख्खा किनारा दांड्यांवर टांगलेला असतो. पण या वासाची भूक लागते. असो, कुठे चाललो मी.

तू लिहिलंस की राणीला इन्स्टावर कुणी निमेश भेटलाय. तू फार छान नाचतेस म्हणतो, घरी सांगू नको म्हणतो. हे तू तिच्या खांद्यावरून वाचलंस. ‘घरी सांगू नको’ हेच मलाही खटकलं.

मी तिचं अकाउंट बघितलं. त्याला ना कडी ना कोयंडा, कुणीही यावं आणि बसावं. पोरगी नाचते छान. पण ताई, तिचा नाच सोड, मागचं बघ. मागे दोरीवर दाजींचा युनिफॉर्म वाळतोय, खिशावर कंपनीचं नाव. खिडकीतून पाण्याची टाकी दिसते, तिच्यावर तुमच्या चाळीचं नाव रंगवलंय. आणि एका व्हिडिओखाली तिनं लिहिलंय, ‘पप्पा सेकंड शिफ्ट, फुल मज्जा’. म्हणजे घर कुठे आणि घरात बाप कधी नसतो, दोन्ही अख्ख्या दुनियेला कळवून झालंय. तिला त्यात काही वाटलं नसणार. शिफ्ट तर तुमच्याकडे भाजीच्या आधी विचारतात.

आता मी काय केलंय ते सांगतो. आधी पूर्ण वाच, मग शिव्या दे.

मी एक देवू तयार केलाय. वय पंधरा, मुरब्यात राहतो, दहावीला आहे, बापाची होडी आहे. सगळं खोटं. फोटो मात्र खरा आहे. इथल्या एका होडीच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, मला मोर काढायला सांगितला होता. माझा मोर कोंबड्यासारखा झालाय, अख्खी आळी हसते. तोच फोटो लावला आणि राणीला विचारलं, "हा मोर हाय का कोंबडा?" मावशीचं ऐकून ऐकून तिच्यासारखंच लिहितो. राणीनं उत्तर दिलं, "आजारी बदक."

तेव्हापासून बोलते आमच्याशी. म्हणजे देवूशी. मी निमेशकडे लक्ष ठेवतो. तू घाबरू नकोस. मीही घाबरत नाही असं म्हणणार होतो, पण पेन थांबलं.

तुझा
बबलू


बोईसर
१७ नोव्हेंबर २०२४

बबल्या,

तुझं पत्र बाजारातच उभ्यानं वाचलं. वाचता वाचता पाटीवर वाकले, तर भागीताई म्हणाल्या, "घेयाचं नाय तं सावली नका पाडू बाय, गिऱ्हाईक मागं ऱ्हातंय." लाजेनं सुकट घेतली. आपल्या घरात अंडं शिजत नाही, सुकटीचं काय करू? शेजारणीला दिली. तरी संध्याकाळी राणी म्हणालीच, "आई, तुझ्या पर्सला बोंबलाचा वास येतो." म्हटलं, पॅकिंगला माझ्या शेजारी बसते तिचा डबा सांडला. आता मीही खोटं बोलायला लागले.

देवूचं वाचून पहिल्यांदा वाटलं, तू समोर असतास तर कानाखाली दिली असती. एका परक्यापासून पोरीला वाचवायला तू दुसरा परका उभा केलास? अरे, तिला काय शिकवतोय आपण? पण मग ते आजारी बदक वाचलं आणि मला हसू आलं. हसता हसता डोळ्यांत पाणी. घरात ती माझ्याशी कामापुरतं बोलते. हो, नाही, ठेव तिथे, आले. आणि त्या कोंबड्याच्या फोटोशी थट्टा करते.

निमेशचं वाढलंय. तिनं फोन चार्जिंगला लावला होता तेव्हा वर अक्षरं उमटली, तेवढी वाचली. पालघरला शूटिंग आहे म्हणतो. तुझा नाच घेणार, ड्रेस मी आणतो, तू एकटीच ये. आणि पुढे विचारलंय, ‘पप्पांची फर्स्ट शिफ्ट कधी लागते?’ बबल्या, हा मुलगा नाही रे. मुलं असं विचारत नाहीत. हा कुणीतरी बाप्या आहे.

मी तिला सरळ विचारलं, "कोण आहे हा निमेश?"

म्हणाली, "कुणी नाही. तू सारखी माझ्या पाठीमागे का उभी राहतेस?"

मी नेहमीचं बोलले, "थांब, पप्पा येऊ देत, सांगतेच त्यांना." लगेच गप्प झाली. त्या एका वाक्यानं ती गप्प होते, लहानपणापासून. पण आता गप्प झाली की मला जास्तच भीती वाटते.

यांना सांग म्हणू नकोस. यांचा राग तुला माहीत आहे. आमच्या मागच्या चाळीतल्या एकानं मुलीचा फोन असाच पकडला. फोन आपटला, शाळा बंद केली, तिला गावी पाठवलं. मुलीला तिथे लग्नाची स्थळं बघतायत म्हणे. नववीतली पोर! हे तर त्या माणसाच्याच डिपार्टमेंटला आहेत. परवा सेकंड शिफ्ट करून आले, ताटावर बसल्या बसल्या विचारलं, "पोरगी एवढी गप्प का गं?" मी म्हटलं, परीक्षा आहे. पुढे काही विचारलं नाही, पण जेवणही टाकलं अर्धं.

तुझ्या देवूला सांग, तिला अडव. पुढच्या आठवड्यात यांची फर्स्ट शिफ्ट आहे. सकाळी शिफ्टच्या बसनं हे गेले आणि माझी कंपनीची गाडी आली, की घरात ती एकटी. कंपनीत गेटवरच फोन जमा करतात. दिवसभर ती शाळेत गेली की आणखी कुठे, काय झालं, मला कळणारसुद्धा नाही. रजा मागितली तर नाही म्हणाले. मी पुड्या बांधते आणि डोळ्यांसमोर फक्त पालघरचं स्टेशन येतं.

ताबडतोब काहीतरी कर. खाडीवर फिरायला जाऊ नकोस.

ताई


मुरबे
२१ नोव्हेंबर २०२४

ताई,

पहिल्यांदा हे वाच, राणी पालघरला जाणार नाही. बस खाली. पाणी पी. आता पुढचं वाच.

सोपं नव्हतं. देवूनं आधी सरळ सांगितलं, जाऊ नको. ती म्हणाली, "तू जळतोस. निमेश मोठ्या लोकांना ओळखतो." बरोबरच आहे तिचं. पंधरा वर्षांचा, बदकाच्या होडीतला देवू कुठे आणि शूटिंग करणारा निमेश कुठे. मी दुसरं विचारलं, "त्याला बघितलास का कदी? व्हिडिओवर तोंड दावलंय का?" म्हणाली, "त्याचा कॅमेरा बिघडलाय."

"शूटिंग करणाऱ्याचा?"

मी फोन बाजूला ठेवला. अर्धी होडी खरवडली. हाताला काम असलं की मला सुचतं, नुसता बसलो की सुचत नाही, शाळेतही तेच व्हायचं. मास्तर मला फळा पुसायला उभा करायचे, तेव्हाच काय ते मला गणित यायचं. तर खरवडता खरवडता सुचलं आणि देवूनं लिहिलं, "कोणी भेटाया बोलावला तर घरातला सगल्यात रागीट माणूस संगती न्यायचा. खरा असंल तो थांबंल. खोटा असंल तो पलंल."

तिनं लिहिलं, "वेडा आहेस का? पप्पा मारतील."

मी लिहिलं, "नेऊ नको. नुसता सांगून बग, पप्पाला घेऊन येते म्हनून."

तिनं बघितलं सांगून. तो आधी म्हणाला, लहान पोरीसारखं करू नको. मग म्हणाला, तुझ्यावर किती मेहनत घेतली. मग सरळ धमकीवर आला. तुझे व्हिडिओ शाळेत सगळ्यांना पाठवीन, वाईट गाणी लावून पाठवीन. ताई, त्या वेळी ती देवूला एकामागून एक लिहीत होती, स्पेलिंगचा पत्ता नाही, आणि मी इथे होडीखाली जाऊन बसलो. कसंबसं लिहिलं, तुजी काय बी चूक नाय. त्याला उत्तर देऊ नको. सगल्याचे फोटो काढून ठेव, मग ब्लॉक कर. तुमच्याकडे टीव्हीवर वगैरे सांगत असतील, इथे अंगणवाडीच्या भिंतीवर १०९८ नंबर लिहिलाय, मुलांना कुणी त्रास दिला तर फोन करायचा. तोही दिला. तिनं तिथे फोन केला की नाही ठाऊक नाही, पण निमेशला काढून टाकलं. अकाउंटला कडी लावली. युनिफॉर्मचा आणि टाकीचा व्हिडिओही गेला. मी खात्री केली.

आता जे लिहितोय ते लिहू की नको करत अर्धा कागद फाडला. मी तिला विचारलं, घरी का नाही सांगितलंस? तिनं लिहिलेलं जसंच्या तसं उतरवतो.

"आईला दाखवणार होते. त्यानं पहिल्यांदा घरी सांगू नको लिहिलं, त्याच दिवशी. फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले. आई म्हणाली, काय दिवसभर फोन फोन, थांब पप्पांना सांगते. मग नाही दाखवलं. आई माझ्याकडे बघत असते सारखी. विचारत नाही."

ताई, वाईट वाटून घेऊ नकोस. तू नुकतीच कामावरून आली असशील. पण तिला तुलाच सांगायचं होतं, हे मला चांगलं लक्षण वाटतं.

आणि आता हा देवू बंद करू या. काम झालं. मला झोप लागत नाही. ती त्याला काय काय सांगते, मैत्रिणीशी भांडण, वजन, तिला पोहायला शिकायचंय ते. हे मामानं ऐकायचं नसतं. म्हणजे ऐकावं, पण मामा म्हणून. असं दाराआडून नाही.

तुझा
बबलू


बोईसर
२५ नोव्हेंबर २०२४

बबल्या,

तो दिवस मला आठवतो. म्हणूनच लिहायला वेळ लागला.

भाकरी तव्यावर होती. ती दारात उभी राहिली, हातात फोन. मला फक्त फोन दिसला. तिचं तोंड मी बघितलंच नाही. बघितलं असतं तर कळलं असतं, आईला कळतं. मी भाकरी उलटली आणि ते बोलले. एवढंच झालं. एवढ्यावरून माझी पोर त्या माणसाच्या तावडीत जात होती.

तू म्हणतोस, देवूला बंद करू. करू नकोस रे. हात जोडते. थोडे दिवस राहू दे. माझी पोर माझ्याच घरात, हाताच्या अंतरावर झोपते, आणि मला तिची खबर मासळीच्या पाटीतून येते. पण येते तरी. ते बंद झालं तर काय राहील?

आणि एक झालंय. तुझ्या देवूनं तिला लिहिलं की त्यानं आयुष्यात धपाटे खाल्ले नाहीत, ते तिच्या फोनवर मला दिसलं. काल ती स्वतःहून ओट्याशी आली. "आई, धपाटे शिकव." मी काहीच विचारलं नाही, कशाला ते. ज्वारीचं पीठ काढून दिलं. तिचा पहिला धपाटा ओल्या फडक्याला चिकटला, दुसरा फाटला, तिसरा बरा झाला. हात भरलेले असताना बोलली थोडं. पोहण्याचं नाही बोलली, पण बाई वर्गात ओरडल्याचं सांगितलं. मी नुसतं ऐकलं. मध्ये जिभेवर आलं होतं, "अभ्यास केला असतास तर." गिळलं.

म्हणून म्हणते, थांबवू नकोस. देवूकडून तिला एवढं विचार. एक, ती माझ्यावर चिडली आहे का. दोन, वाढदिवसाला काय हवंय. तीन, ती रात्री कुशीवर वळून रडते ते अजून त्या निमेशमुळे, की दुसरं काही. आणि चौथं, तिला म्हणावं, आई वाईट नाही.

हे चौथं लिहू नकोस. नाहीतर लिही. तुला जसं वाटेल.

यांना अजून काही माहीत नाही. आता तर सांगायची आणखीच भीती वाटते. आधी पोरीनं लपवलं, आता बायकोनं आणि मेव्हण्यानं मिळून लपवलं. कुठल्या तोंडानं सांगू?

ताई


बोईसर
३ डिसेंबर २०२४

बबल्या,

तुझं उत्तर नाही. रोज जाते. भागीताई लांबूनच हात हलवतात. आज म्हणाल्या, "चिठ्ठी नाय बाय. पोरगा गप हाय. जेवत बी नाय नीट." तुला काय झालंय?

इथे राणीही जेवत नाही. फोन फळीवर पालथा पडलेला असतो. जो फोन तिच्या हातातून सुटावा म्हणून मी देव पाण्यात घातले, तो तसा पडलेला बघून मला धडकी भरते. मी विचारलं. या वेळी नुसतं बघितलं नाही, जवळ बसून विचारलं. म्हणाली, "एक जण चाललाय. न भेटताच." एवढंच. कोण चाललाय? देवू का? तू काय केलंस?

की निमेश दुसऱ्या नावानं परत आलाय आणि तू मला सांगत नाहीस?

आणखी एक. काल मी नळावरून आले तर ती यांच्याजवळ बसलेली. हे नुकतेच शिफ्टवरून आलेले, पायातले सेफ्टी शूज पण काढलेले नाहीत. मी आत पाऊल टाकलं आणि दोघं गप्प. यांचा चेहरा लाल होता. ती रडलेली होती. मारलं का? गालावर तसं काही दिसलं नाही. रात्री यांनी एवढंच विचारलं, "गुरुवारी धपाटे जास्तीचे करशील का? डब्याला लोकं मागतायत." एवढ्या वर्षांत यांच्या डब्याला कधी कुणी काही मागितलं नाही.

माझं डोकं चालत नाही. यांना सगळं कळलंय आणि हे मनात काहीतरी धरून बसलेत असं वाटतं. पोरीला गावी नेऊन सोडणार असतील. वाटेत खायला धपाटे. दुसरं काय असणार?

एक ओळ तरी पाठव. नुसतं ‘आहे’ एवढं लिही.

ताई


मुरबे
५ डिसेंबर २०२४

ताई,

आहे.

पुढचं लिहायची हिंमत होत नव्हती म्हणून लांबवलं. तुझे प्रश्न मी राणीला विचारले नाहीत. एकही नाही. दोनदा टाइप केले आणि पुसले. तुझं म्हणणं कळत होतं, पण तुझं काळीज घेऊन मी पंधरा वर्षांच्या खोट्या पोराच्या तोंडून बोलू लागलो, तर तो निमेश आणि मी यांत फरक तो काय? तो तिला फसवून पालघरला नेत होता, मी फसवून तुझ्याकडे आणत होतो. पण फसवत होतो हे तर खरं.

म्हणून मी देवूला पाठवून दिलं. लिहिलं, बापासंगती होडी घेऊन गुजरातकडं चाललोय, लय लांब, फोन नाय चालणार, अकाउंट बंद करतोय. नीट अभ्यास कर. मला वाटलं, हळूच गेला की ती विसरेल. मी सगळीकडून असाच तर जातो. तिनं एवढंच लिहिलं, "खरा असशील तर जायच्या आधी भेट." मी उत्तर दिलं नाही. त्यानंतर फोन उघडलाच नाही.

आणि आता तुला सांगायला हरकत नाही, माझीही पिशवी भरलेली आहे. खाडीपलीकडे सातपाटीला बर्फाच्या कारखान्यात माणसं घेतायत असं कळलं. आज दुपारच्या होडीनं जाणार होतो. हे पत्र मावशीकडे ठेवून. तुझं गावी नेण्याचं वाचलं तेव्हापासून तर इथे पाय ठरत नाहीत. माझ्या मूर्खपणानं पोरीची शाळा गेली तर मी

मावशी हाका मारतेय. आज ती बाजारात गेली नाही, मासळी कमी आली. थांब.

ताई, मावशी दारात येऊन म्हणाली, "ए बबलू, बायेर ये. एक पोरगी आलीया, तुज्या त्या कोंबड्याच्या होडीपाशी उभी हाय. देवू कुटं ऱ्हातो इचारते. आमच्या आलीत देवू म्हंजे माजा दीर, सत्तरीचा म्हातारा. तो गेला बी नवा सदरा घालून!"

मी म्हटलं, एकटी आहे का?

"नाय. संगती बापूस हाय. मिशीवाला."

ताई, दाजी आलेत. खिडकीच्या फटीतून दिसतायत. मी मुद्दाम लिहीत बसलोय, लिहिणं थांबवलं तर उठावं लागेल. राणी शाळेच्या ड्रेसमध्ये नाही, तिनं दिवाळीची कुर्ती घातलीय. हातात तुझा स्टीलचा डबा. देवूकाका समोर उभे आहेत आणि म्हणतायत, "मीच देवू. काय काम हाय?" राणी त्यांच्याकडे बघतेय, मग मोराकडे, मग पुन्हा त्यांच्याकडे. आणि दाजी, ताई, दाजी हसले. आजवर मी त्या माणसाला हसताना बघितलेलं नाही.

ऐकू येतंय. दाजी काकांना सांगतायत, "दहावीतला मुलगा आहे हो. माझ्या मुलीला एका नालायक माणसापासून सावध केलं त्यानं. तिनं सगळं सांगितलं मला. मला म्हणाली, पप्पा, तो आता लांब चाललाय, एकदा भेटायचंय, पण एकटी जाणार नाही, तुम्ही चला. म्हणून सुट्टी टाकून आलो. पोराला भेटून म्हणणार होतो, बाबा, तुझ्यामुळे माझी मुलगी माझ्याशी बोलली."

काका म्हणाले, "तुमी लय रागीट दिसता हो. भ्याली नाय का पोर सांगाया?"

राणी म्हणाली, "देवूनंच सांगितलेलं. घरातला सगळ्यात रागीट माणूस घेऊन जायचा."

तिनं ऐकलं, ताई. देवूचं ऐकलं. निमेशला जी परीक्षा घातली, तीच देवूला घालायला आलीय. आपण दोघं ज्या माणसाला सांगायला एवढे घाबरलो, त्याला ती स्वतः जाऊन सांगून मोकळी झाली. शूज काढायच्या आधी. धपाटे गावच्या वाटेसाठी नव्हते.

आता मावशी दाजींना माझ्या खोलीकडे बोट दाखवतेय. "तो मोर काडनारा हितंच ऱ्हातो, त्याला इचारा, त्याला ठावं असंल." दाजींना माहीत नाही आत कोण आहे. राणीलाही नाही. ती डबा छातीशी धरून चालतेय. दारात मी दिसलो की तिच्या तोंडावर काय येईल ते मला आत्ताच दिसतंय. बदकाचा देवू आठवून, जे जे सांगितलं ते आठवून. माझ्याशी कधी बोलणार नाही कदाचित. तुझ्याशीही नाही, तुला माहीत होतं हे कळलं की. आणि दाजी. ते हसू जाईल.

माझ्या खोलीला मागचं दार आहे. तिथून खाडी दिसते. होडी लागली आहे, माणसं चढतायत. पिशवी खांद्याला आहे, कधी अडकवली कळलंही नाही.

खोटा असंल तो पलंल. हे मीच लिहिलंय, माझ्याच हातानं.

पिशवी उतरवून ठेवली. मागचं दार लावून घेतलं.

पुढच्या दाराची कडी वाजतेय. दाजींचा आवाज आहे. "देवू आहे का घरात?"

ताई, ओ देतो.